पत्रिकेतलं हौसाआत्याचं घर

दौंडला माझ्या मामाच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. मागच्या भिंतीपलीकडं रेल्वेचे रूळ, आणि त्यांच्यावर दिवसभर डबे जोडायचं-तोडायचं काम. डबा डब्यावर आदळला की मामीच्या फळीवरची ताटं थरथरायची. मामी तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू. मी कवठे येमाईहून आलेली, जिथं दुपारी कोंबडं ओरडलं तरी माणसं मान वर करतात. पहिला आठवडा मी दचकून दचकून अर्धी झाले. मामी म्हणायची, "मंदे, इंजिन घरात येत न्हाई गं, त्येला रूळ लागत्यात." आणि खदाखदा हसायची. मामा रेल्वेत फिटर. त्याच्या डब्यासाठी पहाटे भाकऱ्या थापल्या जायच्या, त्यातली पहिली, फुगलेली भाकरी मामी माझ्या ताटात टाकायची. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण एवढा, की दिवसभर छापखान्यात मी तोंडावर हात धरून बोलायची. आज गुडघे धरून बसलेय शिरूरच्या घरात, सून चांगलं करून घालते, पण तशी चटणी काही होत नाही. सुनेला हे सांगायची मात्र सोय नाही.

मला दौंडला धाडलं ते हौसाआत्यानं. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली तशी ही अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी निघून आली. आली ती आली. कपाळाचं कुंकू पुसलं नाही, गळ्यातलं काढलं नाही, आणि त्या घराचं नावही कधी तोंडातून काढलं नाही. माझ्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली, उठून बसायलाही तिला वर्ष गेलं. त्या काळात मला शेळीच्या दुधावर आत्यानं जगवलं. कापसाची वात दुधात बुडवून ती माझ्या ओठात धरायची म्हणे. पुढं आई बरी झाली, रानात जायला लागली, माझ्या पाठीवर भाऊही झाला. पण मी झोपायची ती आत्याच्या कुशीत. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, वर ताज्या लोण्याचा गोळा, आणि "खा की गं मरतुकडे" हा मंत्र. इतक्या प्रेमानं मला नंतर कुणी शिव्या दिल्या नाहीत.

बारावी झाले तेव्हा आबा म्हणाले, "आता बास." आबा माझे आजोबा. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी फिरलेले, मग कांद्याच्या रानात स्थिरावलेले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आत्या चुलीपुढून न उठताच म्हणाली, "आबा, पोरीला कायतरी हातातलं येऊ द्या. उद्या माझ्यागत मागं यायची पाळी आली तर चुलीबिगर दुसरं काय येतंय तिला?" आबांनी तंबाखूची चंची उघडली. आमच्याकडं याला होकार म्हणतात.

मामाच्या ओळखीनं मी दौंडात ज्या छापखान्यात शिकायला लागले, तो आप्पांचा. त्यांची सगळी हयात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, बोटं कायमची काळी. खिळे जाऊन संगणक आला तेव्हा आप्पांनी त्याला हात लावला नाही. तो चालवायच्या त्यांच्या सूनबाई, शोभावहिनी. त्यांनीच मला धरून बसवलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कागदावर जे येणार तेच पडद्यावर दिसायचं, असला आजच्यासारखा लाड नव्हता. मजकूर सगळा सरळसोट लिहायचा, आणि मधेमधे ओळीच्या आरंभी ठिपका देऊन हुकूम लिहायचा: इथं समास सोड, इथं अक्षर ठळक कर. कागद छापून बाहेर आला की कळायचं, हुकूम पाळला का नाही. साधी एक यादी आत सरकवायची तरी चार-पाच हुकूम लागत. वहिनींनी ते एकत्र बांधून त्या गाठोड्याला एकच नाव दिलेलं. नाव लिहिलं की गाठोडं सुटून सगळे हुकूम आपोआप चालायचे. त्याला मॅक्रो म्हणतात. पण वहिनींची नावं आपल्या घरातली: आत, बाहेर, खुंटी, घर.

खुंटी म्हणजे ओळीत ठरावीक जागी ठोकलेली खूण, लोक टॅब म्हणतात ती. नावाखाली नाव, गावाखाली गाव सरळ यायचं तर मधली जागा स्पेसच्या मोकळ्या ठोक्यांनी भरून चालत नाही, कारण आपलं एक अक्षर रुंद, एक अरुंद. मी पहिल्या दिवशी ठोके मोजत बसले होते. वहिनींनी माझ्या हातावर हलकेच फटका मारला. "अगं, सदरा भिंतीवर कुठंही चिकटवतेस का? खुंटी ठोक, तिला अडकव." 'आत' म्हटलं की पुढचा मजकूर एक पायरी उजवीकडं सरकायचा, 'बाहेर' म्हटलं की परत यायचा. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी एक. जितक्या वेळा आत गेलात तितक्या वेळा बाहेर यायचं. वहिनींचं म्हणणं, "आत नेलेल्याला बाहेर काढायची जबाबदारी नेणाराची." एका शाळेच्या प्रश्नपत्रिकेत मी प्रत्येक प्रश्नाचे पोटप्रश्न आत नेले आणि बाहेर कुणालाच आणलं नाही. प्रश्न पायरीपायरीनं उजवीकडं सरकत गेले आणि शेवटचा प्रश्न कागदाच्या कडेला, एका ओळीत एक अक्षर, असा उभा लोंबत होता. आप्पांनी कागद उचलला, चष्मा वर केला. "सूनबाई, हा प्रश्न विहिरीत पडलाय का?" मला वाटलं, आता गाशा गुंडाळायचा. वहिनी मात्र एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तो कागद पुढं ठेवून कुठं कुठं 'बाहेर' हवं ते त्यांनी मलाच शोधायला लावलं. असा गुरू मिळायला नशीब लागतं. पुढं शिरूरला माझं स्वतःचं दुकान झालं, कारेगावच्या कंपन्यांच्या सूचना हिंदी-मराठीत जुळवून दिल्या, पोरी शिकवून तयार केल्या, ते सगळं त्या हसण्यावर उभं आहे. रागावल्या असत्या तर मी मामीच्या भाकऱ्या थापायला परत गेले असते.

'घर' हा मॅक्रो खास लग्नपत्रिकांसाठी. आमच्या भागातली पत्रिका ज्यानं पाहिली नाही त्याला कळायचं नाही. नवरा-नवरी वर थोडक्यात, आणि खाली निमंत्रकांची ही भलीमोठी फौज. भावकीतलं एकेक घर घ्यायचं: घरच्या कर्त्याचं नाव डाव्या कडेला, ठळक, त्याच्या खाली आत सरकून भाऊ, त्याच्याही आत मुलं-नातवंडं. 'घर' लिहून पुढं नाव दिलं की हे सगळं आपसूक व्हायचं. नाव नाही दिलं तर मात्र यंत्र अडून बसायचं. पत्रिकेत कोण कडेला आणि कोण आत, यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोले चालतात. एकदा एकानं आप्पांना दारात उभं राहून सुनावलं होतं, "मला पुतण्याच्या पोटात घातला व्हय रे!"

माझी थोरली बहीण विमल, तिचं लग्न खुटबावला ठरलं. घरची पत्रिका आता घरची पोर जुळवणार, म्हणून मी हवेत. सुट्टीला कवठ्याला गेले, कांदाचाळीच्या सावलीत आबांनी नावं सांगायला सुरुवात केली, मी लिहीत होते. शेजारी नाना, माझे चुलते, विसरलेली नावं पुरवायला. आबांनी एकही घर सोडलं नाही. नानांच्या नातवाचं बारसंसुद्धा झालं नव्हतं, तर आबा म्हणाले, "चि. बाळ म्हणून टाक." वारलेल्या दोघांना 'कै.' लावून बसवलं. मग त्यांनी चंची मिटली. मी थांबले.

"आबा, आत्याचं नाव?"

"तिचं कुठं टाकायचं?" आबा म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. "सासरच्या घरात टाकावं तर तिथं ती न्हाई. आपल्या घरात टाकावं तर म्हंजी लेक नांदत न्हाई ह्येचा बोभाटा. लग्नाच्या टायमाला कशाला?"

"बिनबारशाचं पोर चालतंय, मेलेली माणसं चालत्यात, आन् जिनं मला जगवलं ती चालत न्हाई व्हय?"

आत्या आतून धावत आली, पिठाचे हात तसेच. "गप ए! लई शिकलीस व्हय दौंडात? माझं नाव नगं आबा, ऐकू नका तिचं. पोरीच्या लग्नाला माझ्यापायी गालबोट नगं." असं म्हणून ती वळली, आणि वळताना पदरानं तोंड पुसलं. घाम नव्हता, चुलीपुढून आलेल्या बाईचा घाम मला ओळखता येत होता. ज्या घराला हिनं आपली उमर दिली, त्या घरच्या लग्नाच्या कागदावर हिच्यापुरती चार बोटं जागा नाही! आजही लिहिताना माझं डोकं तापतं, रक्तदाबाची गोळी घेतलेली असूनही.

दौंडला परत येऊन मी पडद्यापुढं बसले. आत्याला दादांच्या नावाखाली 'आत' नेऊन पाहिलं: धाकट्या भावाच्या पोटात थोरली बहीण. आबांच्या आत नेलं: तिथं नाना आणि दादा, मधे ही, बरं दिसेना. नावाआधी काय लावायचं तेही सुचेना. सौ. लावावं तर कुणाची? वहिनी मागं उभ्या राहून कधीपासून बघत होत्या कुणास ठाऊक. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

"कुणाच्या तरी आतच बसवायची, असं कुणी ठरवलं?"

"तसंच असतंय ना, वहिनी."

"घर लिही. पुढं तिचं नाव लिही."

"बाईच्या नावानं?"

"हा मॅक्रो मी बांधलाय, मंदा. त्याला फक्त नाव लागतं. बाई का बाप्या, ते तो विचारत नाही."

मी लिहिलं: ठिपका, घर, हौसाबाई. पुढं मागं काही नाही. खाली आत कुणाला ठेवायचं हा प्रश्न आला तेव्हा मात्र मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तसंही माझं नाव यादीत कुठंच नव्हतं. मुलींची नावं कोण घालतो? 'आत' लिहिलं, त्याखाली कु. मंदाकिनी, आणि 'बाहेर' लिहून घर मिटलं. कागद छापून आला. आबांच्या ठळक नावाच्या सरळ रेषेत, डाव्या कडेला, हौसाबाई. मी त्या ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोट काळं करून घेतलं.

छापायच्या आधी कच्ची प्रत भावकीपुढं वाचायची ही आमच्याकडची रीत. मी ती लपवून नेली नाही, वर सांगूनच दिली की यात एक घर वाढलंय. नाना मोठ्यानं वाचत होते. तिथं आले आणि अडखळले. आबांना वाचता येत नव्हतं, पण नजर मेंढपाळाची. कागद जवळ ओढून ते म्हणाले, "ही कडंची मोठी अक्षरं कुणाची?"

"हौसाची," नाना म्हणाले. "आन् तिच्या आत मंदा. काढून टाका आबा. खुटबावची माणसं हसत्याल. बाईच्या नावाचं घर कुठं असतंय का?"

आत्या उंबऱ्यात भिंतीला टेकून उभी, तोंडावर रंग नाही. तेव्हा आई बोलली. आई चारचौघांत कधी बोलायची नाही. "खोटं काय हाय त्यात, भावजी? जल्म म्या दिला, जगवली वन्संनी. राहू द्या नाव."

आबांनी त्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आईला दूध नसलं तर कोकरू दुसरीच्या अंगाला लावतो आपण. एकदा तिनं हुंगून घेतलं, की त्ये तिचं. मग कळपात कुणी इचारतंय का, ह्ये कुणाचं म्हणून?" नानांकडं कागद सरकवून ते म्हणाले, "वाच फुडं." माझ्या आबांचे माझ्यावर उपकार किती, ते मोजायला बसले तर हे वाक्य मी सगळ्यांत वर ठेवीन.

पत्रिका छापल्या, वाटल्या. कुणी हसलं असेल तर आमच्या पाठीमागं. मी निर्धास्त झाले. पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. लग्न खुटबावला, नवऱ्याच्या दारी. मांडवात मानकऱ्यांना फेटे बांधतात, माइकवरून एकेकाचं नाव पुकारून. आणि व्याह्यांनी फेटे आणले होते ते आमच्या पत्रिकेतली कडेची ठळक नावं बघून. ज्याचं नाव कडेला, तो घरचा कर्ता, त्याला फेटा. हा सरळ हिशेब. पुकारणारा गृहस्थ आमची पत्रिका हातात धरूनच उभा होता. आबा झाले, भावकीतले आणखी दोन-तीन कर्ते झाले. मला ते तेव्हा कुठं कळलं. मी बायकांतून वाट काढत आत्याकडं निघाले, तिला काहीतरी निमित्त काढून मांडवाबाहेर न्यावं म्हणून. पोचायच्या आत माइक गरजला, "हौसाबाई..." आणि तिथंच थांबला. पुकारणाऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "हौसाबाईंच्या घरचं कोण गडीमाणूस हाय का? फेटा घ्यायला या."

मग मागच्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं, ते हसू पुढं पुढं यायला लागलं. नाना मान खाली घालून बसले. मला वाटलं, मी हिला कागदावर कडेला आणलं ते असं भर मांडवात उघडं पाडायला? धरणी पोटात घेईल तर बरं.

आत्या उठली. पदर डोक्यावरून घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला, आणि बायकांमधून चालत सरळ पुढं गेली. तिला एवढं ताठ चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुकारणाऱ्यापुढं उभी राहून म्हणाली, "गडीमाणूस न्हाई. घर माझं हाय, मीच आली."

फेटा विमलच्या सासऱ्यांच्या हातात. ते एकदा फेट्याकडं, एकदा आत्याकडं, एकदा आबांकडं बघायला लागले. आबा जागचे हलले नाहीत, फक्त खणखणीत आवाजात म्हणाले, "पाव्हणं, मान हाय त्यो. खाली ठेवू नका." मग सासऱ्यांनी फेट्याचं टोक धरलं. आत्यानं मान किंचित लववली. पदरावरूनच त्यांनी फेटा बांधला, गुलाबी, तुरा काढून. हसणारे कधी गप्प झाले कळलं नाही. पहिली टाळी बायकांच्या बाजूनं आली, आणि नवरीनं अंतरपाट दूर व्हायची वाट न बघता मान वळवून बघितलं म्हणून भटजी ओरडले.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आत्यानं फेटा काढला नाही. गुलाबी फेटा, खाली मोठं कुंकू, आणि तशीच ती माझ्याशेजारी मांडी घालून जेवायला बसली. मला हसू येत होतं आणि घास उतरत नव्हता. बुंदीची बादली घेऊन वाढपी आला, घाईत त्यानं नुसता फेटा बघितला.

"पाव्हणं, वाढू का अजून?"

"वाढ की," आत्या म्हणाली. "आन् हिलाबी वाढ. माझ्या घरातली हाय ही."